दुकानाचा गल्ला आणि घराचा हंडा



माझे बालपण दर्यापूर तालुक्यातील एका लहानशा गावी गेले. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा मुलूख अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला असून त्याला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळीभोर आणि कापसाला उत्तम, पण विहीर खणली की पाणी खारे लागते. आमच्या घरी ओसरीवर एक रांजण होता आणि स्वयंपाकघरात तांब्याचा एक हंडा. रांजणात गावातल्या विहिरीचे खारे पाणी असे. हंड्यात दूरवरून बैलगाडीने आणलेले गोडे पाणी असे. धुणेभांडी रांजणातून व्हायची, पिणे आणि स्वयंपाक हंड्यातून. हंड्याच्या तोंडाशी आजीचे दुहेरी गाळणे नेहमी बांधलेले असे.

एके दिवशी हंडा निम्मा झालेला पाहून मी मोठ्या उत्साहाने रांजणातील चार तांबे पाणी त्यात ओतले आणि हंडा काठोकाठ भरला. मला वाटले, आजी शाबासकी देईल. आजीने एक घोट चाखला आणि एक शब्दही न बोलता सारा हंडा रांजणात रिकामा केला. त्या दिवशी घरात पाण्याचे प्रमाण एकाएकी वाढले नव्हते की घटले नव्हते. परंतु पिण्याला मात्र थेंब उरला नव्हता. शेजारून मागून आणलेल्या एका कळशीवर आमची रात्र गेली.

बँकेच्या नोकरीत मी सदतीस वर्षे काढली. त्यांतील बराच काळ अकोला आणि अमरावती येथील शाखांमध्ये, विशेषतः व्यापारी कर्जाच्या टेबलावर गेला. या काळात शेकडो व्यापारी कुटुंबांचे ताळेबंद नजरेखालून गेले. त्यांतील जी कुटुंबे अडचणीत आली, ती सर्व उधळी होती असे मुळीच नव्हे. उलट कित्येकजण अतिशय काटकसरी होते. त्यांची चूक उधळपट्टीची नव्हती; लहानपणी माझ्या हातून झाली तीच होती. दुकानाचे पाणी आणि घराचे पाणी त्यांनी एकाच भांड्यात भरले होते. काटकसर म्हणजे कमी खर्च करणे, अशी आपली समजूत आहे. व्यापारी घराच्या बाबतीत काटकसरीची पहिली पायरी त्याही आधीची आहे, आणि ती म्हणजे घराचा हंडा वेगळा ठेवणे. आजच्या लेखात एवढीच एक गोष्ट सांगावयाची आहे.

एका काटकसरी घराची तूट

निवृत्तीपूर्वी काही वर्षे मी अकोल्यात असताना आमच्या शाखेचे एक जुने खातेदार होते. त्यांना येथे आपण शेठजी म्हणू. धान्य-किराण्याचा ठोक व्यापार, तीन पिढ्यांचे दुकान आणि बाजारात चोख नाव. स्वतः शेठजी इतके साधे की दुकानातील पंखाही गिऱ्हाईक आल्यावरच सुरू व्हायचा. पोत्यांची सुतळी सोडवून तिची गुंडी करून ठेवणारे आणि आलेल्या पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर हिशेब करणारे ते गृहस्थ. घरीही भाजी संध्याकाळी उशिरा, भाव उतरल्यावर आणण्याची रीत होती.

त्यांना बँकेने वीस लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा दिलेली होती. ज्यांचा या खात्याशी संबंध आलेला नाही अशा वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दुकानातील माल बँकेकडे तारण असतो. त्या मालाच्या किमतीतून ठरावीक हिस्सा, समजा पंचवीस टक्के, वजा करून उरेल तेवढीच रक्कम व्यापाऱ्याला उचलता येते. माल कमी झाला की उचलण्याची मर्यादाही आपोआप खाली येते. शेठजींचा माल पूर्वी सत्तावीस लाखांच्या आसपास असे. म्हणून वीस लाख उचलता येत. तीन वर्षांत तो साडेएकोणीस लाखांवर आला. पंचाहत्तर टक्क्यांनी मर्यादा भरते साडेचौदा लाखांच्या आसपास, आणि खाते तर वीस लाखांना टेकलेले. नियमाप्रमाणे मला त्यांना बोलवावे लागले.

शेठजी आले ते अत्यंत अस्वस्थ होऊन. विक्री कमी झालेली नाही, उधारी बुडालेली नाही, भाव पडलेले नाहीत; मग माल गेला कुठे? त्यांचा संशय मुनीमजींवर गेला होता. तीस वर्षे गादीवर बसणाऱ्या त्या म्हाताऱ्या माणसाकडून त्यांनी गल्ल्याची किल्ली काढून घेतली होती. मी म्हटले, "शेठजी, रविवारी वह्या घेऊन बसू. मगच कोणाला काय म्हणायचे ते म्हणा."

रविवारी आम्ही त्यांच्या घरी बसलो. मुनीमजींच्या वह्या आरशासारख्या होत्या. रोजकीर्द दिवसाच्या दिवशी लिहिलेली, खतावणीत प्रत्येक रक्कम ज्या त्या पानावर गेलेली. एक पान मात्र सर्वांत जाड झाले होते, आणि ते होते 'खुद्द खाते'. गल्ल्यातून घरासाठी गेलेली प्रत्येक रक्कम मुनीमजींनी तेथे प्रामाणिकपणे नावे टाकली होती. कधी पाचशे, कधी दोन हजार, कधी चाळीस हजार. ते पान शेठजींनी कधी उलटून पाहिलेच नव्हते, कारण त्या पानाची मागणी करणारा कोणी व्यापारी नव्हता.

मी विचारले, "घराला महिन्याकाठी किती लागतात?"

शेठजी ठामपणे म्हणाले, "तीस हजार. त्याच्या वर एक रुपया नाही."

आणि ते खोटे बोलत नव्हते. किराणा, दूध, वीज, गॅस, पेट्रोल, कामवाल्या बाईंचा पगार हे सारे तीस हजारांतच बसत होते. वर्षाचे तीन लाख साठ हजार. मग आम्ही त्या पानावरील मोठ्या रकमा वेगळ्या काढल्या. मुलांचे शिक्षण व वसतिगृह १,६०,००० रुपये. विम्याचे हप्ते ४८,०००. लग्नकार्ये आणि आहेर ८५,०००. यात्रा व प्रवास ६०,०००. सणवार व कपडे ४५,०००. औषधपाणी ४०,०००. स्कूटर, घराची डागडुजी आणि मालमत्ता कर मिळून ५२,०००. या वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांची बेरीज ४,९०,००० झाली. म्हणजे एकूण घरखर्च साडेआठ लाख. आणि कर भरून दुकानाचा निव्वळ नफा होता सहा लाख.

वर्षाला अडीच लाखांची तूट. तीन वर्षांची साडेसात लाख. सत्तावीस लाखांच्या मालातून नेमके साडेसात लाखच नाहीसे झाले होते. चोरी कोणीच केली नव्हती. दुकानाचे भांडवल घराने थोडे थोडे करून खाल्ले होते, आणि त्या जागी बँकेचे पैसे उभे होते. बारा टक्के दराने साडेसात लाखांचे व्याज होते वर्षाला नव्वद हजार. तीन वर्षांपूर्वीच्या लग्नातील आहेरावर शेठजी अजून दरमहा व्याज भरीत होते, आणि संध्याकाळच्या भाजीत दहा रुपये वाचवीत होते.

भाभीजींचा गुडघा

या हिशेबाच्या वेळी शेठजींच्या पत्नी चहा घेऊन आल्या होत्या. त्या दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. औषधपाण्याचा आकडा वाचला गेला तेव्हा मी सहज म्हटले, "भाभीजी, वर्षाला चाळीस हजार म्हणजे घरात कोणाचे मोठे दुखणे आहे का?" त्या म्हणाल्या, "सासूबाईंचे मोतीबिंदू झाले, भाऊसाहेब. माझ्या गुडघ्याचे डॉक्टरांनी मागच्या वर्षी सांगितले होते, पण दुकानात ओढ आहे म्हणून मी विषय काढला नाही."

शेठजींनी मान वर करून पाहिले. दीड वर्ष त्या जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. ते गुडघ्याचे दुखणे घरात सर्वांना दिसत होते, पण त्याची नोंद कोणत्याच पानावर नव्हती. त्याच दीड वर्षात एका दूरच्या नात्यातील लग्नात, चार लोकांत शोभावे म्हणून, पंचवीस हजारांचा आहेर गेला होता. त्या आहेराला कोणी विचारले नाही, कारण तो गल्ल्यातून परस्पर गेला. भाभीजींना मात्र पाचशे रुपये हवे असले तरी मागावे लागत, आणि मागणाऱ्याला नेहमी आपलाच खर्च जास्त वाटतो.

हिशेब नसलेल्या घरात काटकसर सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, हे मला त्या दिवशी कळले. जो मागत नाही त्याच्या वाट्याला ती सर्वांत जास्त येते. बहुधा ती घरातील स्त्री असते.

आनंद श्रावकाच्या तीन राशी

या प्रसंगानंतर मला उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा नव्याने समजली. वाणिज्यग्रामचा हा गाथापती अत्यंत श्रीमंत होता. भगवान महावीरांसमोर त्याने श्रावकाची व्रते स्वीकारली, तेव्हा परिग्रहाची मर्यादा घालताना आपल्या संपत्तीची मोजदाद केली. चार कोटी सुवर्णमुद्रा निधानात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घर-संसाराच्या पसाऱ्यात. यापलीकडे संग्रह करावयाचा नाही, असा त्याने नियम घेतला. पुढे अंग पुसण्याच्या वस्त्रापासून दातवणापर्यंत प्रत्येक वस्तूची मर्यादा त्याने सांगितली आहे.

प्रवचनात ही कथा ऐकताना आपले लक्ष कोटींच्या आकड्याकडे जाते. हिशेबतपासनिसाच्या नजरेने पाहिले तर महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या तीन राशी वेगळ्या होत्या, आणि प्रत्येकीत किती आहे हे त्याला ठाऊक होते. जे मोजलेले नाही त्याचे परिमाण करता येत नाही. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात परिमित परिग्रहाला 'इच्छापरिमाण' असे दुसरे नावही दिले आहे. अर्थसंकल्प हा शब्द आज सरकारी वाटतो. परंतु इच्छेला आधीच माप लावणे, हाच त्याचा अर्थ आहे.

याच कथेतील दुसरा भाग क्वचित सांगितला जातो. व्रते घेऊन घरी परतल्यावर आनंदाने ती आपली पत्नी शिवानंदा हिला सांगितली आणि तिनेही भगवंतांकडे जाऊन व्रते ग्रहण करावीत असे सुचविले. तिने ती घेतली. मर्यादा घरातील दोघांनाही माहीत होती, आणि दोघांचीही होती.

तीन पाने

शेठजींच्या घरी त्या रविवारी आम्ही जी व्यवस्था लावली, ती पुढे मी अनेक खातेदारांना सांगितली. तीत नवीन काही नाही. वह्या लिहिणाऱ्या समाजाला ती एका बैठकीत जमावी.

पहिली गोष्ट म्हणजे मालकाने स्वतःला पगार द्यावा. वर्षाचा खरा नफा काढून, कर वजा करून, त्यातील घराचा हिस्सा ठरवावा. त्याचा बारावा भाग दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पत्नीसह उघडलेल्या संयुक्त बचत खात्यात जमा करावा. त्यानंतर गल्ल्याला घरातील कोणीही हात लावू नये. मालकाने तर मुळीच नाही. नातवाला चॉकलेटसाठी दहा रुपये द्यायचे तर तेही खिशातून.

मग घराच्या वहीला तीन पाने पाडावीत. पहिल्या पानावर दरमहा येणारा खर्च. हे पान बहुतेकांना पाठ असते. दुसऱ्या पानावर वर्षातून एकदा येणारा खर्च, म्हणजे फी, विमा, कर, कपडे, यात्रा, आहेर आणि दान. या पानाची वार्षिक बेरीज करून तिला बाराने भागावे आणि तेवढी रक्कम दरमहा बाजूला ठेवावी. अचानक आलेला वाटणारा बराचसा खर्च वास्तविक दरवर्षी येतच असतो. आपण फक्त त्याला पान दिलेले नसते. तिसरे पान निधानाचे. घराचा किमान सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम, दुकानाच्या कर्जाला तारण न दिलेली.

निधानाविषयी एक सावधगिरी सांगतो. बँकेतील ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे, एका बँकेत, व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. नागरी सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते लागू नाही, आणि ओळखीच्या भिशीला तर कोणतेच नाही. जास्त व्याजाच्या दोन टक्क्यांसाठी निधान धोक्यात घालू नये. निधान कमाईसाठी नसते, ते झोपेसाठी असते.

दानाचे पान पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. दानाला मर्यादा कशी? मर्यादा दानाला नव्हे, गल्ल्याला आहे. बोलीच्या वेळी उत्साह येतो, आकडा वाढतो, आणि दुसऱ्या दिवशी ती रक्कम दुकानाच्या भांडवलातून जाते. वर्षारंभी दानासाठी हिस्सा काढून ठेवलेला असला, तर बोलीच्या वेळी आवाजही मोकळा निघतो आणि ते दान खरोखर आपले असते. बँकेच्या पैशातून दिलेले दान कोणाचे, याचा विचार ज्याने त्याने करावा.

वऱ्हाडचा हंगाम

आपल्या भागातील घरहिशेबाला आणखी एक अडचण आहे. आपला पैसा बारा महिने सारखा येत नाही. दसऱ्यानंतर कापूस आणि सोयाबीन बाजारात येते, पुढे तूर येते. संक्रांतीच्या सुमारास गल्ला भरलेला दिसतो. लग्नसराईत तो सैल सुटतो. जून उजाडला की शेतकरी पेरणीला लागतो, माल उधारीवर जातो आणि वसुली थेट पुढच्या हंगामावर जाते. नेमक्या त्याच महिन्यात शाळा-कॉलेजच्या फी भरावयाच्या असतात. जानेवारीतील गल्ला पाहून वर्षाचा खर्च ठरविणारे घर दर जूनमध्ये बँकेच्या दारात उभे असते. म्हणून दुसऱ्या पानाची जुळणी जानेवारी ते मार्चमध्येच पुरी करून ठेवावी. जूनची फी संक्रांतीच्या पैशातून भरलेली असावी.

हंगामातही एखादे वर्ष असाधारण येते. २०२१-२२ मध्ये आपल्या बाजार समित्यांत कापूस क्विंटलला दहा हजार रुपयांच्या वर गेला. त्या वर्षीच्या कमाईवर अनेकांनी घराचे मान वाढविले. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल या आशेने माल घरात थोपवून धरला गेला, आणि भाव खाली आले. हा अनुभव आपल्याला नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपले आणि भाव कोसळले. तेजीच्या वर्षाचा जादा नफा निधानात जावा. त्यावर घराचा पगार वाढवू नये. पगार ठरवायचा तो गेल्या पाच वर्षांच्या सरासरीवर, आणि शंका असेल तर त्यांतील सर्वांत पडत्या वर्षावर.

लोक काय म्हणतील

शेठजींच्या वहीत सर्वांत कठीण ठरले ते आहेराचे पान. ते म्हणाले, "दूध-साखर कमी करतो साहेब, पण बिरादरीत हात आखडता घेतला तर लोक म्हणतील दुकान बसले." ही भीती खोटी नाही. व्यापारात पत हेच भांडवल असते, आणि आपल्या समाजात पत पुष्कळदा मांडवात मोजली जाते. लग्नच नव्हे, अलीकडे पारण्याचे सोहळेही त्याच मापाने होऊ लागले आहेत. घरातील सुनेने आठ दिवस अन्नत्याग करावा, आणि तिच्या पारण्याच्या पत्रिका, मंडप आणि भेटवस्तूंसाठी सासऱ्याने उसने काढावे, हे मी पाहिले आहे. त्या सुनेला विचारले असते, तर तिने यातील काही मागितले असते असे मला वाटत नाही.

अमरावतीच्या गाडगेनगरात ज्यांची समाधी आहे, त्या संत गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनांतून हेच सांगितले. ऋण काढून सण करू नका, वेळप्रसंगी हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलांना शिकवा. बाबा याच जिल्ह्यातील शेणगावचे. त्यांचा श्रोता गरीब होता, म्हणून तो उपदेश आपल्यासाठी नाही असे आपण समजतो. गरिबाचे ऋण सावकाराच्या वहीत दिसते. आपले कॅश क्रेडिट खात्यात लपते, एवढाच फरक आहे.

शेठजींना मी एकच व्यवहारी गोष्ट सांगितली. त्यांच्या घरातील चार भावांनी एकत्र बसून आहेराचे एक मान ठरवावे आणि ते सर्वांनी पाळावे. एकटा माणूस हात आखडता घेतो तेव्हा तो कंजूष ठरतो. चौघे मिळून घेतात तेव्हा ती रीत होते. त्यांनी तसे केले. आहेराचे पान पंच्याऐंशी हजारांवरून तीस हजारांवर आले.

बाकीचा हिशेबही सांगून टाकतो, कारण अर्धवट हिशेब सांगणे माझ्या पेशाला शोभत नाही. यात्रा व प्रवास साठवरून वीस हजारांवर आला, कपडे पंचेचाळीसवरून पंचवीसवर, स्कूटर-डागडुजी बावन्नवरून पंचवीसवर. विम्याच्या दोन जुन्या पॉलिसी, ज्या केवळ कर वाचविण्यासाठी घेतल्या होत्या, हप्ते थांबवून तशाच ठेवल्या. तीस हजार वाचले. महिन्याचा खर्च भाभीजींनी स्वतः तीसवरून पंचवीस हजारांवर आणला. शिक्षणाला हात लावला नाही. औषधपाणी वीस हजारांनी वाढले. गुडघ्याचे उपचार सुरू झाले. एकूण साडेआठ लाखांचे सहा लाख अडतीस हजार झाले. म्हणजे पहिल्या वर्षीही तूट राहिलीच, पण अडीच लाखांची अडतीस हजार झाली. दुसऱ्या वर्षी मुलाचे शिक्षण पुरे झाले आणि खाते पहिल्यांदा मर्यादेच्या खाली उतरले.

मुनीमजींची क्षमा शेठजींनी मागितली की नाही, मला माहीत नाही. पुढच्या महिन्यात दुकानावर गेलो तेव्हा गल्ल्याची किल्ली मुनीमजींच्या करगोट्याला परत लटकलेली दिसली.

आमच्या घरचे

हा सगळा प्रसंग मी घरी येऊन मोठ्या फुशारकीने सांगितला. सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अहो, शेठजींचे खुद्द खाते तुम्ही शोधून काढले. आपल्या घरात महिन्याला तेल किती लागते, सांगा बरे." मी अंदाजाने पाच किलो सांगितले. नऊ लागत होते. मग त्यांनी विचारले, "तुमच्या ठेवींच्या पावत्या कुठे आहेत, हे मला तरी कुठे ठाऊक आहे?" एम.कॉम.ची पदवी भिंतीवर होती. उत्तर माझ्याकडे नव्हते. त्या रात्री आम्ही दोघांनी कपाट उघडून सर्व पावत्या एका वहीत उतरवल्या, प्रत्येकीवर वारसाचे नाव आहे की नाही ते तपासले. दोन पावत्यांवर नव्हते.

आता चातुर्मास सुरू आहे. लग्नसराई संपलेली, प्रवास थांबलेला, बाजारही थोडा निवांत. पर्युषण असो वा दशलक्षण, आपण सर्वजण काही ना काही नियम घेतोच. यंदा एक नियम घरातील सर्वांनी मिळून घ्यावा. एक रविवार निवडावा, दुकानाच्या वहीतील आपले 'खुद्द' पान काढावे आणि ते घरातील सर्वांसमोर, सुनेसमोर आणि कळत्या मुलांसमोरही, मोठ्याने वाचावे. कोणाला दोष द्यायचा नाही, फक्त बेरीज करायची. आकडा ऐकल्यावर कोणाचा तरी एखादा गुडघा, एखादी फी, एखादी न मागितलेली गरज नक्की पुढे येईल. तीन पाने त्यानंतर पाडता येतील.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. परंतु हंड्यात किती तांबे उरले आहेत आणि ते किती जणांना पुरवायचे आहेत, हे तिला झाकण न काढता ठाऊक असे.